तुरुंगवाङ्मयात न उमटलेला खोकला

१

मराठीत तुरुंगवाङ्मय नावाचा एक मानाचा कप्पा आहे. आगरकरांचे ‘डोंगरीच्या तुरुंगांत आमचे एकशे एक दिवस’, टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’, सावरकरांची ‘माझी जन्मठेप’, विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात सांगितलेली आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेली ‘गीताप्रवचने’, त्याच साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’. ही पुस्तके घरोघर पोहोचली, शाळा-महाविद्यालयांतून वाचली गेली आणि त्यांच्यामुळे तुरुंगाविषयी एक समजूत मराठी मनात पक्की झाली. तुरुंग म्हणजे थोर माणसाला सक्तीने मिळालेला एकांत. तेथे देह बंदिस्त असतो आणि विचार मोकळा असतो.

या पुस्तकांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु एखाद्या परंपरेला काय दिसले एवढे सांगून समीक्षेचे काम संपत नाही. तिला काय दिसले नाही, हेही विचारावे लागते. या परंपरेला बराकीत शेजारी झोपलेला माणूस फारसा दिसला नाही. सावरकरांच्या पुस्तकात कोलू आहे, मार आहे, आजारही आहे. पण तेथे यातना सोसणारा देह राष्ट्राला वाहिलेला देह आहे आणि त्याची यातना त्याच्या त्यागाचा पुरावा म्हणून येते. ज्याच्यामागे चळवळ नाही, ज्याच्या नावावर त्याग नाही, ज्याला पाकीट मारल्याच्या, दारू गाळल्याच्या किंवा नुसत्या संशयाच्या कलमाखाली आत टाकले आहे, त्याच्या देहाचे काय? तो रात्रभर खोकत असेल, तर तो खोकला कोणत्या वाङ्मयात नोंदला जातो?

योगायोग असा की, मराठी तुरुंगवाङ्मयाचा आरंभ आणि क्षयरोगाच्या शास्त्रीय ज्ञानाचा आरंभ एकाच वर्षातला आहे. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी जुलै ते ऑक्टोबर टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात होते. पुढे क्षय मराठी कथा-कादंबरीतही आला. पण तो बहुधा पांढरपेशा घराच्या माडीवर आला. फिकट पडत जाणारी नायिका, हवापालट, सॅनेटोरियम, रुमालावरचा रक्ताचा ठिपका. क्षय हे हळव्या प्रेमाचे उपकरण झाले आणि तुरुंग हे थोर चिंतनाचे उपकरण झाले. तुरुंगातला क्षय मात्र दोन्हींकडून सुटला, कारण तो ज्यांना होतो ती माणसे दोन्ही कप्प्यांच्या बाहेरची होती.

तुरुंगातल्या देहाकडे या देशाने कधी पाहिलेच नाही असे नाही. २० सप्टेंबर १९३२ रोजी गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सुरू केले. अस्पृश्यांना मिळालेल्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध ते उपोषण होते. डॉक्टर त्यांना तपासत होते, प्रकृतीच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येत होत्या, सारा देश त्या बातम्या वाचत होता. आणि त्या प्रकृतीच्या दडपणाखाली २४ सप्टेंबरला बाबासाहेबांना पुणे करारावर सही करावी लागली. कराराचे राजकारण हा येथे विषय नाही. येथे एवढेच सांगायचे आहे की, तुरुंगातल्या एका देहाची प्रकृती हा राष्ट्राचा प्रश्न होऊ शकतो, हे येरवड्याने सिद्ध केले आहे. तेव्हा प्रश्न प्रकृतीचा नसतो, प्रकृती कोणाची याचा असतो.

२

आज तुरुंगात कोण आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि जागा होती ४,३६,२६६ जणांची. शंभरांच्या जागेत एकशे एकतीस. त्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते. म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही, अशांनीच तुरुंगांची जवळजवळ सारी जागा भरलेली होती. शिक्षा झालेले सारे त्यांच्यावर आणखी. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत दिलेल्या उत्तराप्रमाणे त्या वेळच्या ४,७८,६०० कैद्यांपैकी ३,१५,४०९ जण अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्गांतले होते. शंभरांतले सहासष्ट. अनुसूचित जातींचे लोकसंख्येतील प्रमाण २०११ च्या जनगणनेप्रमाणे १६.६ टक्के, तुरुंगात ते २०.७ टक्के. जिथे शिक्षण, नोकरी आणि जमिनीत आपला वाटा पुरा भरत नाही, तिथे तुरुंगात मात्र तो भरून वर उरतो.

आता या गर्दीत क्षय कसा वागतो ते पाहू. हा रोग हवेतून पसरतो. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकला की जंतू असलेले सूक्ष्म कण बाहेर पडतात आणि कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. सायंकाळी गिनती होते, बराकीला कुलूप लागते, ते सकाळी उघडते. तेवढा वेळ सगळ्यांनी एकच हवा आळीपाळीने छातीत घ्यायची. जंतू शरीरात गेलेला प्रत्येक माणूस आजारी पडत नाही. साधारणपणे शंभरांतले पाच ते दहा जण आयुष्यात कधीतरी आजारी पडतात. कोण आजारी पडेल हे बरेचसे अन्नावर, अंगातल्या ताकदीवर, मधुमेह किंवा एचआयव्हीसारख्या दुसऱ्या आजारांवर ठरते. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना पुरेसे अन्न पुरवून केलेला एक मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या पोषणाने त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे जंतू हवेतून येतो हे खरे. पण तो कोणाच्या अंगात घर करील हे ताटावर ठरते, आणि ताटात काय पडेल हे या देशात अजून जातीवर आणि वर्गावर ठरते.

म्हणून तुरुंगातला क्षय हा तुरुंगात अचानक उगवत नाही. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या चिकटून बांधल्या की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचत नाही. तिथल्या क्षयाचा संबंध या बांधणीशी असल्याचे संशोधकांनी २०१८ च्या सुमारास दाखवून दिले. अशाच वस्तीतला पोरगा उद्या बराकीत जातो आणि बराकीतला माणूस परवा जामिनावर त्याच वस्तीत परततो. वस्ती आणि तुरुंग यांच्यामध्ये भिंत आहे ती माणसासाठी. हवेसाठी ती भिंत नाही. जगभरच्या तुरुंगांचा एकत्र हिशेब २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे २०१९ या एका वर्षात सुमारे सव्वा लाख बंदिवानांना क्षय झाला. बाहेरच्या माणसांपेक्षा हे प्रमाण जवळजवळ दसपट आहे. त्यांतले जेमतेम निम्मे रुग्ण व्यवस्थेला सापडले. उरलेले निम्मे खोकत राहिले.

३

मग तुरुंगात तपासणी होत नाही काय? होते. कायद्याने ती १८९४ पासून सांगितली आहे. हा कायदा साहित्याच्या अभ्यासकाने मुळातून वाचावा असा आहे. कारण राज्यकर्ता कैद्याच्या देहाकडे कोणत्या नजरेने पाहतो ते त्यात उघड आहे. त्या वर्षीच्या कारागृह कायद्याच्या २४ व्या कलमाप्रमाणे आत आलेल्या कैद्याची वैद्यकीय तपासणी व्हायची आणि तिची नोंद जेलरच्या वहीत ठेवायची. नोंद कशाची? प्रकृतीच्या स्थितीची, अंगावरच्या जखमांची आणि खुणांची. आणि सक्तमजुरी असेल तर हा माणूस कोणत्या वर्गाच्या कामाला लायक आहे याची.

या तीन गोष्टींचा अर्थ नीट लावला पाहिजे. जखमांची नोंद कशासाठी? उद्या कोणी विचारले तर ही जखम आमच्याकडची नव्हे असे म्हणता यावे म्हणून. खुणांची नोंद कशासाठी? पळाला तर ओळखता यावा म्हणून. कामाच्या वर्गाची नोंद कशासाठी? त्याच्याकडून किती घाम काढता येईल हे कळावे म्हणून. गुलामाच्या बाजारात दात आणि दंड पाहून किंमत ठरवीत, त्याच जातीची ही नजर आहे. तीत प्रकृती हा शब्द आहे, पण ज्याची प्रकृती त्याचा हक्क नाही. वही जेलरची. तपासला जाणारा माणूस त्या वहीत आहे. ती वही त्याच्या हातात नाही.

कामाच्या वर्गाबरोबर जातही आली, हे वेगळे सांगायला नको. स्वयंपाकाला कोण, झाडूला आणि मैल्याला कोण, हे अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत जातीने ठरत होते; विमुक्त जमातींकडे जन्मतः सराईत गुन्हेगार म्हणून पाहण्याची वृत्तीही त्यांत जिवंत होती. गुन्हेगार जमातींचा १८७१ चा कायदा १९५२ साली संपला. नियमावलीतला त्याचा आत्मा मात्र सत्तर वर्षे नांदत राहिला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ह्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि तुरुंगाच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले. एका पत्रकार स्त्रीच्या चिकाटीमुळे हे घडले, त्याचे स्वागतच आहे. पण त्याबरोबर एक प्रश्न उभा राहतो. ज्या वहीला जातीसाठी इतकी वर्षे रकाना सापडला, त्या वहीला छातीसाठी रकाना का सापडला नाही? सापडला असेल तर तो भरला का गेला नाही?

२०१३ साली देशातील १५७ तुरुंगांची पाहणी झाली होती. क्षयाचे निदान करण्याची सोय त्यांतल्या अवघ्या १८ टक्के तुरुंगांत होती. उपचाराची सोय ५४ टक्क्यांत. आत येताना क्षयाची विचारपूस साधारण निम्म्या तुरुंगांत होत होती. म्हणजे निम्म्या ठिकाणी माणसाची झडती पुरी होत होती आणि त्याच्या खोकल्याची दखल कोणी घेत नव्हते. खिशातली बिडी सापडते, फुप्फुसातला जंतू सापडत नाही. हा शास्त्राचा दोष म्हणता येणार नाही. झडती घेणाराला काय शोधायचे आहे यावर सापडणे अवलंबून असते.

४

खरी तपासणी अवघड आहे काय? तीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शनात तुरुंगांमध्ये क्षयाची पद्धतशीर तपासणी करावी, अशी ठाम शिफारस केली आहे. खोकला, ताप, रात्रीचा घाम, घटलेले वजन, एवढे चार प्रश्न. त्याच्या जोडीला छातीचा एक्स-रे, कारण लक्षण नसतानाही छातीत रोग असू शकतो. आणि शंका आली तर बेडक्याची जलद रेणवीय चाचणी. हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रे आता देशात आहेत. ७ डिसेंबर २०२४ पासून सरकारने चालवलेल्या शंभर दिवसांच्या क्षयमोहिमेत ती वापरली गेली आणि तुरुंगांसारख्या गर्दीच्या जागांचाही तीत समावेश होता. तेव्हा यंत्र नाही, औषध नाही, ज्ञान नाही, ही सबब आता चालणार नाही. औषधाच्या बाबतीत तर ती कधीच संपली. मद्रासच्या प्रयोगाने १९५९ सालीच दाखवून दिले होते की, गरिबाच्या घरी दिलेले औषध सॅनेटोरियममधल्या औषधाइतकेच गुणकारी असते. माडीवरच्या नायिकेची हवापालट रोग्याला अटळ नाही, हे विज्ञानाने सहा दशकांपूर्वी सिद्ध केले.

मग अडते कुठे? अडते ते तपासणीच्या हेतूपाशी. मोहीम येते, शंभर छात्यांचे फोटो निघतात, आकडा वर जातो, मोहीम निघून जाते. तुरुंगात माणूस थांबून राहात नाही. २०२१ या एका वर्षात अठरा लाखांवर माणसे देशातील तुरुंगांत आत आली. कोणी आठ दिवसांत सुटतो, कोणाची बदली दुसऱ्या कारागृहात होते, कोणाचा बेडका आज दिला आणि उद्या जामीन झाला. अहवाल तुरुंगात येतो तेव्हा माणूस वस्तीत असतो. औषध सुरू झाले असले तर सहा महिन्यांचा कोर्स दीड महिन्यावर तुटतो. अर्धवट औषधातून औषधाला दाद न देणारा क्षय तयार होतो. १९९० च्या दशकात रशियाच्या तुरुंगांनी हा धडा साऱ्या जगाला दिला. रुग्णाला पोषणासाठी दरमहा मिळणारी रक्कम सरकारने नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये केली. ती बँकेच्या खात्यात जमा होते. बराकीतल्या माणसाने ते खाते चालवायचे कसे, आणि त्या पैशाचे अंडे विकत घ्यायचे कुठे?

गिनती आणि तपासणी यांतला फरक येथे आहे. गिनतीला माणूस जागेवर आहे की नाही एवढेच हवे असते. तपासणीला त्या माणसाचे पुढे काय झाले हे हवे असते. तुरुंगाच्या व्यवस्थेने तपासणीचीही गिनती करून टाकली आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला आक्षेप असा की, कैदी आपणहून सांगत नाहीत, लपवतात, अडाणी असतात. हा आक्षेप जुना आहे आणि त्याला उत्तरही जुनेच आहे. डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी कर्नाटकातील खेड्यांत केलेला अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध झाला. क्षय झालेल्या बहुसंख्य ग्रामस्थांना आपल्या लक्षणांची जाणीव होती आणि त्यांतल्या निम्म्यांहून अधिक जणांनी दवाखाना गाठला होता. दवाखान्याने त्यांना खोकल्याचे औषध देऊन परत पाठवले होते. अडाणीपण रोग्याच्या नव्हे, व्यवस्थेच्या ठिकाणी होते. तुरुंगात तर खोकला सांगायचा कोणाला हाच प्रश्न आहे. डॉक्टरपर्यंतची वाट शिपाई आणि वॉर्डर यांच्यावरून जाते. त्यांनी ‘नाटक करतो’ असे ठरवले की आजार संपला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपल्याच बाजूचा आहे. तपासणी म्हणजे पुन्हा वेगळे काढणे नव्हे काय? ‘क्षयवाला’ म्हणून एकदा बोट दाखवले की वेगळे ताट, वेगळा कोपरा, वेगळा नळ. ज्यांच्या पिढ्या गावकुसाबाहेर गेल्या, त्यांना बराकीतही बराकीबाहेर काढायचे? ही भीती खोटी नाही. म्हणून संसर्ग आणि विटाळ यांतला भेद स्पष्ट मांडला पाहिजे. संसर्ग हवेतून होतो. ताटाने, कपड्याने, शिवण्याने नव्हे. योग्य औषध सुरू झाले की साधारणतः दोन आठवड्यांत त्या माणसापासून इतरांना असलेला धोका झपाट्याने कमी होतो. संसर्गाला आरंभ आहे, उपाय आहे आणि अंत आहे. विटाळाला अंत नसतो, कारण त्याला कारणच नसते. जो तुरुंग संसर्ग रोखण्याच्या नावाखाली माणसाला महिनोन्‌महिने कोपऱ्यात टाकतो आणि खिडकी मात्र बंद ठेवतो, तो वैद्यक पाळत नाही. तो मनू पाळतो. निदान गुप्त ठेवणे, माणसाला ते त्याच्या भाषेत समजावणे, वेगळे ठेवण्याची मुदत आधी सांगणे, ह्या गोष्टी औदार्याच्या नाहीत. त्यांच्याशिवाय तपासणी ही नवी अस्पृश्यता होईल.

५

या प्रश्नावर जगात एका कैद्याने कायदा घडवला आहे. त्याची हकीकत दक्षिण आफ्रिकेतल्या पोल्समूर तुरुंगातली आहे. १९८८ साली नेल्सन मंडेला याच तुरुंगात असताना त्यांना क्षय झाला. त्यांना बाहेरच्या रुग्णालयात नेले गेले, उपचार झाले, ते बरे झाले. जग त्यांच्याकडे पाहात होते. वर्णवर्चस्ववादी सरकारलाही त्यांचा मृत्यू परवडणारा नव्हता. पुढे मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले, वर्णभेदाची राजवट गेली, घटना नवी आली. पोल्समूरची हवा मात्र तीच राहिली. १९९९ मध्ये एक कच्चा कैदी तेथे आला. सुमारे पावणेपाच वर्षे तो आत होता. दिवसाचे तेवीस तेवीस तास गच्च भरलेल्या कोठडीत कुलूपबंद. २००३ मध्ये त्याला क्षय झाल्याचे निदान झाले. २००४ मध्ये तो निर्दोष सुटला.

त्याने सरकारवर दावा लावला. सरकारचा बचाव चतुर होता: नेमक्या कोणत्या कैद्यापासून तुला जंतू लागला ते सिद्ध कर. वरिष्ठ अपील न्यायालयाने हा बचाव मानला. ११ डिसेंबर २०१२ रोजी घटना न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फेटाळला. ‘ली विरुद्ध सुधारसेवा मंत्री’ या निकालाचा गाभा असा की, ज्याला तुम्ही कुलपात ठेवले आहे त्याने हवेतल्या जंतूचा माग काढून दाखवावा अशी अपेक्षा धरता येत नाही. येणाऱ्याची तपासणी, आजाऱ्याला वेगळे ठेवणे, अखंड औषध, ही वाजवी काळजी राज्याने पद्धतशीर घेतली नाही आणि त्यामुळे धोका वाढला, एवढे पुरेसे आहे. जबाबदारी राज्याची.

येरवड्याशी ताडून पाहावे अशी ही हकीकत आहे. दोन्हीकडे एकेक थोर बंदी आहे आणि त्याच्या प्रकृतीने इतिहास हलला. पण पोल्समूरमध्ये पुढे एक सामान्य बंदीही उभा राहिला आणि म्हणाला की माझीही प्रकृती आहे. ‘थोर माणसाचा देह’ या कल्पनेपासून ‘कोणत्याही माणसाचा देह’ या कल्पनेपर्यंतचा हा प्रवास आहे. आपल्या घटनेच्या २१ व्या कलमात हा प्रवास शक्य आहे. कोठडीतल्या मृत्यूबद्दल राज्याने भरपाई द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली नीलाबती बेहेरा प्रकरणात मान्य केले आहे. पण भरपाईच्या वाटेवर एक शब्द आडवा पडलेला आहे: ‘नैसर्गिक’.

२०२२ साली देशातील तुरुंगांत १,९९५ माणसे मेली. त्यांपैकी १,७७३ मृत्यू ‘नैसर्गिक’ या सदरात टाकले आहेत. आजाराने आलेले मृत्यू याच सदरात येतात, क्षयाचेही. भाषेच्या अभ्यासकाने या शब्दापाशी थांबले पाहिजे. औषधाने बरा होणारा रोग, तोही राज्याने कुलूप लावलेल्या खोलीत झालेला, आणि त्याने आलेले मरण निसर्गाच्या नावावर? सप्टेंबर २०१७ मध्ये देशातील तुरुंगांच्या अमानुष स्थितीविषयीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच ही शंका काढली होती की, वेळेवर उपचार न मिळाल्याने आलेला मृत्यू नैसर्गिक म्हणायचा की अनैसर्गिक. तरीही त्या निकालात भरपाईसाठी उच्च न्यायालयांकडे जो आदेश गेला तो अनैसर्गिक मृत्यूंपुरता. शंका न्यायालयाची होती. सदर मात्र कारकुनाचेच टिकले. बाबूराव बागुलांनी १९६९ साली आपल्या कथासंग्रहाला ‘मरण स्वस्त होत आहे’ असे नाव दिले. तुरुंगाच्या आकडेवारीत मरण स्वस्तच नव्हे, नैसर्गिकही झाले आहे.

आणि राज्याला मनात आणले तर काय करता येते, हेही आपण पाहिले आहे. २३ मार्च २०२० रोजी कोरोनाच्या भीतीने सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना उच्चाधिकार समित्या नेमून तुरुंगांतली गर्दी कमी करण्यास सांगितले. महाराष्ट्रात हजारो कैदी तात्पुरत्या जामिनावर, पॅरोलवर बाहेर आले. दाटी हाच रोग आहे हे तेव्हा सर्वांना एका आठवड्यात समजले. कारण तो साथीचा रोग बंगल्याची पायरी चढत होता. क्षय शंभर वर्षे तुरुंगात आहे, पण तो बहुतेक वस्तीतच परततो. म्हणून त्याच्यासाठी अशी समिती नेमावी असे कोणाला वाटले नाही.

६

शेवटी प्रश्न आपल्याकडे येतो. दलित साहित्याने मराठीत देह आणला. भुकेचा, घामाचा, मार खाणारा देह. अण्णा भाऊंच्या ‘फकिरा’ने १९५९ साली गुन्हेगार ठरवलेल्या जातीतला माणूस नायक म्हणून उभा केला. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ने १९८७ साली पोलीस दारात आल्यावर विमुक्तांच्या घराचे काय होते ते लिहिले. प्रस्थापित तुरुंगवाङ्मयाला न दिसलेला माणूस दिसण्याची नजर या साहित्याकडे आहे. तरीही हे म्हणणे भाग आहे की पोलीस कोठडीतला मार आपण लिहिला. कारागृहातला श्वास आपण फारसा लिहिला नाही. नामांतराच्या लढ्यात आपले हजारो कार्यकर्ते तुरुंगात गेले. घोषणांनी भरलेल्या बराकी आपल्या आठवणींत आहेत. पण घोषणा देणारा सुटून गेल्यावर त्या बराकीत जो मागे राहिला, जो आपल्याच वस्तीतला होता आणि ज्याच्यावर चोरीचे कलम होते, त्याला आपणही ‘चळवळीचा’ मानले नाही. आपल्याही मनात थोर बंदी आणि क्षुद्र बंदी अशी उतरंड शिरली काय, याचा विचार व्हावा.

मारहाणीचा वळ दिसतो, त्याचे वर्णन करता येते, त्याला करणारा हात असतो. क्षयाला हात नसतो. तो बंद खिडकी, अर्धी भाकरी, पुढे ढकललेली तारीख आणि न भरलेला रकाना यांतून हळूहळू होतो. ही हळू होणारी हिंसा लिहायला वेगळी भाषा लागेल. नोंदवही, अहवाल, माहिती अधिकारात मिळालेला कागद, जामिनाचा हुकूम, हेही वाङ्मय म्हणून वाचावे लागेल. त्यातल्या रिकाम्या जागा वाचाव्या लागतील. विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी हे काम अंगावर घ्यावे असे आहे. आपल्या जिल्ह्याच्या कारागृहात आत येणाऱ्याची छाती तपासली जाते काय, एक्स-रे कुठे होतो, निदान झाल्यापासून औषध सुरू होईपर्यंत किती दिवस जातात, सुटलेल्या रुग्णाचे नाव त्याच्या वस्तीच्या दवाखान्यात पोहोचते काय, हे प्रश्न विचारायला विद्वत्ता लागत नाही. आणि कार्यकर्त्यांनी हेही लक्षात ठेवावे की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेच्या ४७९ व्या कलमाने, काही गुन्हे वगळता, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडण्याची तरतूद केली आहे. ज्याचा जामीन झाला त्याने बराकीतली एक जागा मोकळी केली. जामिनाचा अर्ज हेही क्षयाचे औषध आहे.

२०२५ पर्यंत देशातून क्षय हटवण्याची घोषणा झाली होती. ते साल सरले. २०१५ च्या तुलनेत नव्या रुग्णांचे प्रमाण ८० टक्क्यांनी खाली आणायचे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२४ पर्यंत ते सुमारे २१ टक्क्यांनी खाली आले. नवी मुदत येईल, नव्या घोषणा होतील. परंतु ज्या खोलीला राज्याने स्वतः कुलूप लावले आहे, जिथल्या प्रत्येक माणसाचे नाव, बाप, गाव आणि कलम त्याला ठाऊक आहे, जिथली माणसे तो रोज दोन वेळा मोजतो, तिथला क्षय राज्याला सापडत नसेल, तर बाहेरच्या क्षयाविषयी त्याने बोलू नये. आणि तपासणी झाली की तिचा कागद ज्याच्या छातीचा आहे त्याच्या हातात पडला पाहिजे. एकशे तीस वर्षे ती वही जेलरची आहे. ती कैद्याची झाली पाहिजे.